शिकागोचा सोयाबीन भाव टनात कसा वाचायचा: बुशेल, शॉर्ट टन आणि ओलाव्याचा हिशेब

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. शिकागो वायदेबाजाराच्या पानावर मे महिन्याच्या सौद्यांचे आकडे दिसतात: सोयाबीन १०४५'६, मका ४५२'२, सोयापेंड ३१२.४० आणि सोयातेल ४६.८५. हे आकडे नेमके कशाचे? अमेरिकी कृषी खात्याचा अहवाल कधी बुशेलमध्ये तर कधी टनात का असतो? आणि विचारणाऱ्याच्या हातात सोयाबीनचे दोन भाव आहेत, दोन्ही एकाच बंदरावर जहाजात भरून. पहिला 'मे वायद्यावर ६० सेंट जादा', ओलावा १३ टक्के. दुसरा सरळ ४०३ डॉलर प्रति टन, ओलावा १४ टक्के. यातला स्वस्त कोणता?

सोयाबीन आणि मक्याच्या खरेदीत माझी वीसहून अधिक वर्षं गेली आहेत. या काळात बाजाराचा अंदाज चुकल्यामुळे झालेलं नुकसान पाहिलं, तसं मापाचा घोळ झाल्यामुळे झालेलं नुकसानही पाहिलं. दुसऱ्या प्रकारचं मला जास्त लागतं, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं. म्हणून सविस्तर लिहितो.

भावाचा आकडा कधी एकटा येत नाही. तो कोणत्या मापाचा, कोणत्या महिन्याचा, कुठे मिळणाऱ्या मालाचा आणि किती ओलाव्याचा, हे चारही कळल्याशिवाय त्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नका.

आधी बुशेल. बुशेल हे मुळात वजन नाहीच, ते आकारमानाचं माप आहे. आपली पायली जशी, तसंच: भांडं भरलं की एक माप झालं. अमेरिकेत चालणारा बुशेल म्हणजे जुना इंग्रजी विंचेस्टर बुशेल. साडेअठरा इंच व्यासाचं आणि आठ इंच खोल गोल भांडं, त्यात मावतं २१५०.४२ घनइंच, म्हणजे सुमारे ३५.२४ लिटर. इंग्लंडने १८२४च्या कायद्याने आपलं माप बदललं आणि तिथला इंपीरियल बुशेल ३६.३७ लिटरचा झाला. अमेरिका जुन्यावरच राहिली. त्यामुळे एखाद्या जुन्या ब्रिटिश नोंदीत बुशेल दिसला, तर तो अमेरिकेचाच असेल असं धरून चालू नका.

भांड्याने मोजण्यात अडचण अशी की दाणा कसा भरला, दाबला की सैल ओतला, बारीक आहे की टपोरा, यावर माल कमी-जास्त बसतो. मोठ्या व्यापारात हे चालत नाही. म्हणून प्रत्येक धान्याच्या बुशेलला एक ठरीव वजन दिलं गेलं आणि मोजणी काट्यावर आली. नाव भांड्याचं राहिलं, व्यवहार वजनाचा झाला. सोयाबीन आणि गहू ६० पौंड, मका आणि ज्वारी ५६, बार्ली ४८, ओट ३२. मका आणि सोयाबीनचा बुशेल वेगळा का, असं नवीन माणूस नेहमी विचारतो. उत्तर एवढंच, की त्याच भांड्यात दोघांचं वजन वेगळं भरतं.

एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. त्यावरून सोयाबीनचा बुशेल २७.२१५५ किलो आणि मक्याचा २५.४०१२ किलो. उलटा हिशेब केला तर एका मेट्रिक टनात सोयाबीनचे किंवा गव्हाचे ३६.७४३७ बुशेल बसतात, मक्याचे ३९.३६८. हे दोन गुणक पाठच करा. फोनवर भाव ऐकताना यंत्र हाताशी असेलच असं नाही.

आता १०४५'६. हा आकडा सेंटमध्ये, एका बुशेलचा. वरच्या टिंबानंतरचा ६ हा दशांश नाही, आठवा भाग आहे. म्हणजे १०४५ आणि सहा-अष्टमांश, अर्थात १०४५.७५ सेंट, म्हणजेच १०.४५७५ डॉलर. वायद्यात भाव पाव सेंटाने हलतो, त्यामुळे शेवटी फक्त ०, २, ४ किंवा ६ दिसतं. ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने वायदा घेण्या-विकण्याच्या हक्काचा, भाव मात्र एक-अष्टमांशाने हलतो, तिथे ३ किंवा ५ दिसला तर ती छापण्यातली चूक समजू नका. काही ठिकाणी हाच भाव १०४५-६ असा लिहितात, काही ठिकाणी १०४५.७५, तर काही ठिकाणी १०.४५७५. आडवी रेघ बघून घाईत १०४५.६ वाचणारे मी पाहिले आहेत. एका बुशेलला फरक ०.१५ सेंटचा, पण एक सौदा ५,००० बुशेलचा असतो, म्हणजे सौद्यामागे साडेसात डॉलरची चूक हिशेबात शिरते आणि महिनाअखेरीला ताळा जुळत नाही.

पाच हजार बुशेल म्हणजे सोयाबीनचे १३६.०८ टन आणि मक्याचे १२७ टन. पाव सेंट हलला की सौद्यामागे साडेबारा डॉलर. ६०,००० टनांचं एक जहाज सोयाबीन म्हणजे सुमारे २२ लाख बुशेल, म्हणजे जवळपास ४४१ सौदे. बाजारात एक जहाज 'झाकायचं', म्हणजे वायद्यात उलटा सौदा करून भाव बदलण्याचा धोका काढून टाकायचा, तर किती मोठी उलाढाल, ते या आकड्यावरून कळतं.

तुमचा सोयाबीनचा भाव टनात आणू. १०.४५७५ गुणिले ३६.७४३७, उत्तर ३८४.२५ डॉलर प्रति टन. क्विंटलला ३८.४२. मका ४.५२२५ गुणिले ३९.३६८, उत्तर १७८.०४ डॉलर प्रति टन. तोंडी हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवा: सोयाबीन एक सेंट हललं की टनाला सुमारे ३७ सेंटचा फरक पडतो, मका एक सेंट हलला की ३९ सेंटचा. बातमीत 'सोयाबीन १२ने घसरलं' असं आलं तर ते बुशेलला १२ सेंट, म्हणजे टनाला ४ डॉलर ४१ सेंट. बारा डॉलर नव्हे आणि बारा टक्के तर मुळीच नव्हे.

इथे एक सापळा आहे. बुशेलच्या भावाने सोयाबीन मक्याच्या २.३१ पट दिसतं. टनाच्या भावाने तेच २.१६ पट भरतं, कारण मक्याचा बुशेल हलका. अमेरिकेतले शेतकरी पेरणीआधी नोव्हेंबरच्या सोयाबीन वायद्याला डिसेंबरच्या मका वायद्याने भागतात आणि कोणतं पीक घ्यावं याचा अंदाज बांधतात. ते गुणोत्तर बुशेलचं असतं आणि त्यांच्या कामासाठी तेच बरोबर आहे, कारण त्यांचं एकरी उत्पादनही बुशेलमध्येच मोजलेलं असतं. पण पशुखाद्य बनवणारा किलोने माल मिसळतो. त्याने ते गुणोत्तर उचललं तर सोयाबीन खरं आहे त्यापेक्षा सात टक्क्यांनी महाग वाटेल.

पेंड आणि तेल यांनी नवख्यांना सर्वात जास्त फसवलं आहे. बी बुशेलमध्ये विकलं जातं, पण त्याच बियातून निघालेली पेंड शॉर्ट टनात आणि तेल पौंडात. शॉर्ट टन म्हणजे २,००० पौंड, ९०७.१८५ किलो. मेट्रिक टन १,००० किलोचा. जुन्या ब्रिटिश पद्धतीचा लाँग टन २,२४० पौंडांचा, १,०१६ किलोचा. कागदावर तिन्हींना नुसतं 'टन' लिहिलेलं असू शकतं. पेंडेचा ३१२.४० हा भाव डॉलरमध्ये, एका शॉर्ट टनाचा, आणि एक सौदा १०० शॉर्ट टनांचा. मेट्रिक टनात आणायला १.१०२३१ने गुणा: ३४४.३६ डॉलर. तेलाचा ४६.८५ हा भाव सेंटमध्ये, एका पौंडाचा, सौदा ६०,००० पौंडांचा. त्याला २२.०४६२ने गुणलं की थेट डॉलर प्रति मेट्रिक टन मिळतात: १,०३२.८६.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी पेंडेचा शिकागोचा भाव मेट्रिक टनाचा समजून एका विक्रीचा दर काढला होता. टनामागे तीसेक डॉलर कमी. कागद बाहेर जाण्याच्या आधी आमच्या जुन्या हिशेबनिसांनी तो परत माझ्यासमोर ठेवला आणि 'टन कुठला?' एवढंच विचारलं. तेव्हापासून मी 'टन' हा शब्द कुठल्याही करारात एकटा राहू देत नाही. किलोत किती, ते कंसात लिहून घेतो. तुम्हीही घ्या.

या तीन मापांना जोडणारा हिशेब म्हणजे गाळपाचा नफा, आणि माझ्या मते सोयाबीनचा भाव खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा तर तो इथेच समजतो. सोयाबीन कोणी सोयाबीन म्हणून फारसं वापरत नाही. बहुतेक माल गिरणीत जाऊन त्याची पेंड आणि तेल होतं. साठ पौंडांच्या बुशेलमधून ढोबळमानाने ४४ पौंड पेंड, ११ पौंड तेल, ४ पौंड टरफल निघतं आणि पौंडभर वाया जातं. ४४ पौंड म्हणजे शॉर्ट टनाचा ०.०२२वा भाग, म्हणून पेंडेच्या भावाला ०.०२२ने गुणायचं. तेल ११ पौंड आणि भाव सेंटमध्ये, म्हणून ०.११ने गुणायचं. तुमच्या आकड्यांनी पेंडेचे ६.८७ डॉलर, तेलाचे ५.१५ डॉलर, मिळून १२.०३. त्यातून बियाचे १०.४६ वजा केले की बुशेलमागे १.५७ डॉलर उरतात, टनाला ५७.६४. यातून गिरणीने वीज, वाफ, हेक्झेन (तेल काढायचा द्रावक), मजुरी आणि व्याज भागवायचं.

त्याच हिशेबात पाहा, वजनाने तेल जेमतेम १८ टक्के, पण मिळकतीत त्याचा वाटा ४३ टक्के. त्यामुळे पाम तेल महागलं, किंवा जैवइंधनाच्या धोरणात बदल झाला, की शेतात काहीही घडलेलं नसताना सोयाबीनचा भाव वर जातो. उलट तेल वर आणि पेंड खाली असं झालं की बियाचा भाव जागच्या जागी राहतो आणि लोक म्हणतात बाजार शांत आहे. आत मात्र मोठी ओढाताण चाललेली असते. नुसता बियाचा भाव पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

महिन्याबद्दल. 'शिकागोचा भाव' असा एक भाव नसतो. सोयाबीनचे सौदे जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि नोव्हेंबरचे. मका आणि गव्हाचे मार्च, मे, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबरचे. पडद्यावर महिन्याऐवजी अक्षर दिसतं: एफ म्हणजे जानेवारी, एच मार्च, के मे, एन जुलै, क्यू ऑगस्ट, यू सप्टेंबर, एक्स नोव्हेंबर, झेड डिसेंबर. अमेरिकेत सोयाबीन आणि मक्याचं विपणन वर्ष, म्हणजे नव्या पिकाच्या विक्रीचं वर्ष, १ सप्टेंबरला सुरू होतं. म्हणून जुलैचा सोयाबीन वायदा जुन्या पिकाचा आणि नोव्हेंबरचा नव्या पिकाचा. २०१२च्या दुष्काळात सोयाबीन १८ डॉलरच्या अगदी जवळ गेलं होतं. पुढच्या वर्षी, जून २०१३च्या सुमारास, जुना माल संपत आलेला आणि नवं पीक चांगलं येण्याची आशा, अशा वेळी जुलै आणि नोव्हेंबर २०१३च्या भावांत बुशेलमागे दोन डॉलरहून जास्त अंतर होतं. टनाला ७३ डॉलरहून अधिक! धान्य तेच, बाजार तोच, फक्त महिना वेगळा.

भाव एका दिवसात किती हलू शकतो याला मर्यादा असते आणि ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, नव्याने ठरते. मार्च २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर शिकागोचा गहू ओळीने काही दिवस वरच्या मर्यादेला जाऊन अडकत राहिला आणि १३ डॉलरच्या पुढे गेला. अशा दिवशी पडद्यावरचा आकडा म्हणजे बाजाराला जिथे जायचं आहे ती जागा नव्हे, जिथे त्याला अडवलं आहे ती जागा.

आता ठिकाण. वायद्याचा भाव हा एक खुंटा. प्रत्यक्ष माल त्या खुंट्याच्या वर किंवा खाली विकला जातो, आणि त्या अंतराला बेसिस किंवा प्रीमियम म्हणतात. 'मेवर ६० जादा' म्हणजे मे वायद्याचा जो भाव असेल त्यात बुशेलला ६० सेंट मिळवा. नदीकाठच्या आतल्या गोदामात तोच बेसिस उणे असू शकतो, कारण तिथून बंदरापर्यंतचं भाडं शेतकऱ्याच्या भावातून कापलं जातं. ब्राझीलचा शेतकरी माल विकतो ६० किलोच्या पोत्याने आणि रेआल या तिथल्या चलनात, पण तोच माल पारानाग्वाच्या बंदरावर आला की निर्यातदार त्याचा प्रीमियम सेंट प्रति बुशेलमध्ये सांगतो. पोतं आणि बुशेल यांचा संबंध मात्र सोपा आहे: ६० किलो भागिले ६० पौंड, म्हणून एका पोत्यात २.२०४६ बुशेल, किलोत जितके पौंड तितकेच. बाकीच्या ठिकाणी भाषा आणखी बदलते. पॅरिसचा गहू युरो प्रति टन, चीनमधल्या दालियनचं सोयाबीन युआन प्रति टन, मलेशियाचं पाम तेल रिंगिट प्रति टन. तिथे मापाचा त्रास नाही, फक्त चलनाचा.

चौथी गोष्ट ओलावा, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण विकणारा आणि घेणारा दोघंही सर्वात जास्त पैसे इथेच घालवतात. ओलावा म्हणजे पाणी, आणि पाण्याला सोयाबीनचा भाव द्यायचा नसतो. १३ टक्के ओलाव्याच्या मालात ८७ टक्के कोरडा अंश असतो. १६ टक्क्यांच्या मालात ८४. म्हणून १६ टक्क्यांचे १०० क्विंटल हे १३ टक्क्यांच्या हिशेबाने ८४ भागिले ८७, म्हणजे ९६.५५ क्विंटल. बरेच जण १६मधून १३ वजा करून ३ टक्के कापतात आणि ९७ धरतात. ते चूक आहे. १३ टक्क्यांच्या पायावर प्रत्येक टक्क्याची घट १.१४९ टक्के असते, मक्याच्या १५.५ टक्क्यांच्या पायावर १.१८३. काही गोदामं हाताळणीतली तूट धरून यापेक्षा मोठा गुणक लावतात. तो गुणक किती आहे हे माल उतरवण्याआधी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि उलट बाजूही आहे: ९ टक्क्यांपर्यंत वाळलेलं सोयाबीन विकताना जादा पैसे सहसा कोणी देत नाही. तिथे ९१ भागिले ८७, म्हणजे शंभरामागे साडेचार क्विंटलहून जास्त मोल शेतकरी फुकट देऊन येतो.

हेक्टोलिटर वजन किंवा टेस्ट वेट, म्हणजे ठरावीक मापाच्या भांड्यात प्रत्यक्ष भरलेल्या दाण्याचं वजन, हा वेगळा विषय, पण गोंधळ होतो म्हणून दोन वाक्यं. मक्याचं टेस्ट वेट ५४ आलं म्हणून विक्रीचा बुशेल ५४ पौंडांचा होत नाही. पैसे ५६ पौंडांच्याच बुशेलने मिळतात, टेस्ट वेट फक्त दाण्याची भरीवता सांगून प्रत ठरवायला मदत करतं. पौंड प्रति बुशेलला १.२८७ने गुणलं की किलो प्रति हेक्टोलिटर मिळतात.

अहवालांचं उत्तर छोटं आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या मासिक पुरवठा-मागणी अहवालात अमेरिकेचे तक्ते देशी मापात असतात: बी दशलक्ष बुशेलमध्ये, पेंड हजार शॉर्ट टनांत, तेल दशलक्ष पौंडांत. जगाचे तक्ते दशलक्ष मेट्रिक टनांत. शिल्लक साठा ५० दशलक्ष बुशेलने घटला असं आलं तर ते १.३६ दशलक्ष टन. एकरी उतारा ५० बुशेल असेल तर ६७.२५ने गुणा, ३,३६२ किलो प्रति हेक्टर. मक्यासाठी तो गुणक ६२.७७.

आता तुमचे दोन भाव. पहिला: १०.४५७५ अधिक ०.६०, म्हणजे ११.०५७५ डॉलर प्रति बुशेल. टनाला ४०६.२९, ओलावा १३. दुसरा ४०३ डॉलर, ओलावा १४. वरवर दुसरा तीन डॉलरहून स्वस्त. पण त्याच्या टनात कोरडा माल ८६० किलो आहे, पहिल्यात ८७०. दुसऱ्याला १३ टक्क्यांवर आणलं, ४०३ गुणिले ८७ भागिले ८६, तर तो ४०७.६९ होतो. म्हणजे पहिला १ डॉलर ४० सेंटने स्वस्त. जहाजाचं भाडं टनावर असल्यामुळे दुसऱ्यात पाण्याचंही भाडं भरावं लागेल, तो फरक याहून वेगळा.

तरी लगेच पहिला घेऊन टाका असं मी म्हणणार नाही. ४०३ हा भाव ठरलेला आहे. पहिल्यात फक्त ६० सेंट ठरले आहेत, मे वायद्याचा भाग तुम्ही ज्या दिवशी सौदा बांधाल त्या दिवशी ठरेल. १ डॉलर ४० सेंट म्हणजे बुशेलला चार सेंटांहूनही कमी, आणि सोयाबीन एवढं तर सकाळच्या चहापर्यंत हलतं. तुम्हाला आजच भाव बांधायचा असेल आणि वायद्यात खरेदी करून तो आजच पक्का करता येत असेल, तर पहिला घ्या. तसं करता येत नसेल, तर दुसऱ्या विक्रेत्याकडून ओलावा १३ टक्क्यांवर, किंवा जादा ओलाव्यासाठी ८६ भागिले ८७च्या प्रमाणात भावात वजावट, असं लिहून मागा. ते मिळालं तर दुसरा खरोखरच स्वस्त पडेल.